तळ्याची वाट मी टाइप केली

मित्रांनो, रानाविषयी माझ्याइतके लिहिलेले यंत्र दुसरे क्वचितच असेल, आणि गंमत म्हणजे रान मी एकदाही पाहिलेले नाही. मी एक जुना टाइपरायटर आहे. सध्या एका वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलावर बसून असतो. माझ्या कडांचा काळा रंग उडाला आहे, घंटी बसकी वाजते आणि 'झ'ची कळ एकदा खाली गेली की वर यायचे नाव घेत नाही. पण झाड, झरा, झुडूप, झुळूक हेच शब्द जन्मभर लिहावे लागले, त्यात तिचा काय दोष?

माझा जन्म कारखान्यातला. एका कारागीर बाईंनी माझी एकेक कळ दाबून पाहिली, रूळ फिरवला, ओळ संपत आल्यावर घंटी वाजते का ते ऐकले आणि माझ्या पोटावर पास झाल्याचा शिक्का मारला. तिथून मी थेट एका लाकूड कंपनीच्या कचेरीत गेलो. कोणत्या डोंगरावरची कोणती झाडे पाडायची याचे हुकूम तिथे लिहायचे असत. लिहिणाऱ्या होत्या ताई. ताठ बसायच्या, कळांकडे न बघता टाइप करायच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर कापड टाकायला कधी विसरायच्या नाहीत. कंपनीने नवी यंत्रे आणली तेव्हा त्यांनी साहेबांकडून मला मागून घेतले. पुढे काही महिन्यांनी त्यांनी ती नोकरीही सोडली. झाडे पाडायचे हुकूम लिहून जीव विटला, असे त्या म्हणाल्या.

घरी ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ, असे दोघेच. भाऊ म्हणजे अस्सल रानवेडा. आठ आठ दिवस जंगलात राहायचा, झाडे, पक्षी, जनावरे बघायचा आणि वहीत टिपून आणायचा. ताई त्याला लाडात असल्या तरी 'रानोबा' म्हणत आणि रागात असल्या तरी 'रानोबा'च म्हणत. कोणता रानोबा कोणता, हे तो आवाजावरून ओळखायचा. त्याचे अक्षर कोंबडीने चिखलात पाय उमटवावेत तसे होते. चालता चालता, फांदीवर बसून, कधी भर पावसात छत्री मानेत अडकवून लिहिलेले! ते फक्त ताईंना लागायचे. रानोबा गरम पाण्यात पाय सोडून खुर्चीत बसायचा, ताई माझ्यापुढे बसायच्या, आणि दोघांचे भांडण सुरू व्हायचे.

"एका झऱ्याला पाच विशेषणं? काय लग्नाला उभा करायचाय त्याला?"

"अगं ताई, तो झरा आहेच तसा."

"असेल. पण बोटं माझी दुखतात."

मग ताई तीन विशेषणे काढायच्या आणि त्या पाणी प्यायला उठल्या की रानोबा हळूच येऊन एक परत घालायचा. मला दोघेही सारखेच आवडायचे. त्या घरात मी फार सुखात होतो, मित्रांनो.

हे लेख वर्तमानपत्रात छापून येत. लोक जंगलाला घाबरायचे किंवा त्याच्याकडे नुसते सरपण म्हणून बघायचे, ते आता रानोबाच्या लिहिण्याची वाटच पाहू लागले. सगळ्यात गाजला तो बगळ्यांच्या तळ्याचा लेख. दरीच्या तोंडाशी एक तळे होते, काठच्या झाडांवर शेकडो पांढरे बगळे घरटी बांधायचे. विणीच्या दिवसांत त्यांच्या पाठीवर झिरझिरीत लांब पिसे येतात, त्या पिसांवर रानोबाने एक आख्खे पान लिहिले होते. आणि वाचणाऱ्याला अगदी हाताला धरून तिथे नेले होते. तीन ओढे ओलांडा, वीज पडून दुभंगलेले झाड दिसले की डावीकडे वळा, मग पाण्याचा वास येईल. प्रत्येक शब्द मी उमटवला. ताईंनी त्या दिवशी एकही विशेषण कापले नाही.

केवढे कौतुक झाले! रोज पत्रे यायची. एका शाळेतल्या बाईंनी कळवले की वर्गात लेख वाचून दाखवला तेव्हा शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प बसली. मी तर फुगून गेलो होतो.

पुढच्या वर्षी विणीच्या दिवसांत रानोबा तळ्याकडे गेला आणि आठव्याऐवजी तिसऱ्याच दिवशी परत आला. चिखलाच्या बुटांनी तो सरळ माजघरात शिरला, आणि ताईंनी त्याला हटकले नाही. त्याचा चेहरा बघूनच त्या उभ्या राहिल्या होत्या.

"ताई, तळं रिकामं आहे," तो म्हणाला. "टोप्यांत खोचायला पिसं हवीत म्हणून लोक बंदुका घेऊन गेले. मोठे पक्षी मारले. पिल्लं घरट्यात तशीच उपाशी मेली."

मग त्याने खिशातून एक कागद काढून माझ्याशेजारी ठेवला. दुभंगलेल्या झाडाखाली पडलेला सापडला होता. वर्तमानपत्रातले कात्रण होते, चार घड्या घातलेले. त्यातल्या वाटेच्या ओळींखाली कोणीतरी पेन्सिलीने रेघ मारली होती.

"वाट मीच दाखवली," रानोबा म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मला तर वाटले, माझ्या सगळ्या कळा अडकून पडाव्यात आणि पुन्हा कधी सुटू नयेत.

त्या दिवसापासून त्याने लिहिणे सोडले. माझ्यावर कापड पडले ते उचललेच गेले नाही. शाईची रिबीन वाळून कडक झाली, रुळावर धूळ बसली. रानोबा ओसरीत बसून राहायचा, रानात जायचा नाही आणि रानाचा विषय निघाला की उठून जायचा. वर्ष असेच गेले.

एके दिवशी सकाळी एक वयस्कर वनाधिकारी सायकल हातात धरून दारात आले. त्यांनी बातमी आणली की त्याच लाकूड कंपनीने तळ्याच्या वरच्या उतारावरची सगळी झाडे तोडायची परवानगी मागितली आहे. उतार उघडा पडला की माती वाहून तळे भरणार, मग बगळे परत यायचा प्रश्नच उरणार नाही. आठ दिवसांनी सुनावणी होती.

"तुमच्याकडे वीस वर्षांची टिपणं आहेत," ते रानोबाला म्हणाले. "तिथं काय काय जगतं ते लिहून द्या. दुसरं कोण देणार?"

"माझ्या लिहिण्यानं काय झालं ते ठाऊक आहे ना तुम्हाला?" रानोबा म्हणाला आणि आत निघून गेला.

अधिकारी ओशाळले. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "आठ दिवस आहेत ना? बघू या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यावरचे कापड काढले. मला पुसले, तेल दिले, नवी रिबीन घातली. फळीवरून रानोबाच्या वह्या उतरवल्या आणि एकट्याच टाइप करायला बसल्या. शेजारच्या खोलीत रानोबा भिंतीकडे तोंड करून पडला होता. दोन दिवस ताई मुकाट्याने लिहीत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलेले मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"खंड्या पक्षी उंच झाडाच्या शेंड्यावर घरटं बांधतो."

पलीकडून खाट करकरली. "शेंड्यावर? अगं, तो मातीच्या दरडीत बीळ करतो!"

"असेल बाई. मला काय कळतंय?" ताई म्हणाल्या. "साळिंदर आपले काटे फेकून मारतं."

"कोण म्हणतं? माझ्या वहीत असलं काही नाही!"

"तुझं अक्षर लागलं तर ना! वटवाघूळ जन्मतः आंधळं असून..."

"ताई!"

रानोबा दारात उभा होता, केस विस्कटलेले, रागाने लालबुंद. "हे असलं सुनावणीत वाचणार? लोक हसतील आपल्याला. सरक तिकडे!"

मित्रांनो, आता एक गुपित सांगतो. हे फक्त मला ठाऊक होते, कारण कागद माझ्या रुळावर होता. त्या कागदावर खंड्या दरडीतच राहत होता, साळिंदराचे काटे जागच्या जागी होते आणि वटवाघळाला छान दिसत होते. ताईंनी अक्षर अन् अक्षर बरोबर टाइप केले होते. चुकत होते ते फक्त त्यांचे तोंड. मला हसू आवरेना, पण माझ्याजवळ हसायला एक घंटीच होती, ती वाजली.

मग रानोबा खुर्चीत बसला तो पाच दिवस उठला नाही. तो सांगत होता, ताई टाइप करत होत्या, विशेषणांवरून भांडणही झाले. ते भांडण ऐकताना मला इतका आनंद झाला की काय सांगू. शेवटी तळ्याचे पान आले. "तिसरा ओढा ओलांडल्यावर," एवढे म्हणून रानोबा गप्प झाला. ताईंची बोटे माझ्या कळांवर टेकलेली होती, पण दाबत नव्हती. मीही घाबरलो होतो.

"लिहू?" त्यांनी विचारले.

"जागा कुठे आहे ते सुनावणीत कळायला तर हवं."

"त्यांना कळू दे रे. कागदाला कशाला कळायला हवं?"

रानोबाने हातातली वही मिटली. मग म्हणाला, "लिही. येथून पुढची वाट मी स्वतः चालून दाखवीन."

ते वाक्य मी उमटवले आणि ताईंनी कागद ओढून काढला. सुनावणीला सगळी पाने वाचली गेली. मग तीन अधिकारी रानोबाच्या मागून तीन ओढे ओलांडून गेले, बूट भिजवून आले आणि उतारावरच्या एकाही झाडाला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. पिसांच्या शिकारीवरही बंदी आली. पण बगळे मात्र त्या वर्षी आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही आले नाहीत. रानोबा दर विणीला जाऊन बघायचा आणि खाली मान घालून परत यायचा, आणि ताई काही न विचारता पाणी गरम करायला ठेवायच्या.

तिसऱ्या वर्षी तो अंगणातूनच ओरडत आला. "अकरा! ताई, अकरा घरटी!"

ताईंनी पटकन मला कागद लावला. "बस, सांग. कुठल्या काठाला आहेत? जुन्याच झाडांवर का?"

"ते नाही सांगणार."

"अरे, मलासुद्धा नाही?"

"तुला तर मुळीच नाही. तू टाइप करतेस!"

ताई इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. त्या दिवशी कागदावर एवढेच उमटले: 'यंदा बगळे आले.'

दोघेही आता नाहीत. या वाचनालयात मुले येतात, माझ्या कळा दाबून बघतात, मला फार बरे वाटते. फक्त एवढेच मागतो, मित्रांनो. तुमच्या हातात आज माझ्याहून कितीतरी चपळ यंत्रे आहेत. एक बोट टेकवले की एखाद्या जागेचा फोटो आणि वाट साऱ्या जगाला कळते. ते बोट टेकवण्याआधी, तिथे कोणी घरटे करून बसले आहे का, तेवढे बघत जा.