मिंगोची रांग

ज्युबाने आपल्या नवऱ्याला गव्हर्नर करायचं ठरवलं, तेव्हा नवऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. तो बिचारा अंगणात बसून पिंपाला लोखंडी कडं बसवत होता.

"मिंगो, येत्या निवडणुकीला तू उभा राहतोयस," ती दारातून म्हणाली.

मिंगोने हातोडा थांबवला. "कुणी सांगितलं?"

"मी."

"मग झालंच," असं म्हणून त्याने पुन्हा ठोकायला सुरुवात केली. पाच वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला हुकूम ओळखता येतो.

अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या पेल्हॅम कोव्ह या गावाला गव्हर्नर दोन. एक गोऱ्यांचा, तो लांब कुठेतरी मोठ्या घरात बसायचा. त्याचं तोंड ज्युबाने कधी पाहिलं नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नव्हतं. दुसरा काळ्यांचा. तो दर जूनमध्ये गावाबाहेरच्या एल्मच्या झाडाखाली निवडून यायचा, आणि त्याच्यावाचून मात्र पान हलत नसे. कुणाची कोंबडी कुणी पळवली, कुणी कुणाच्या बायकोला काय बोललं, सगळं त्याच्यापुढे यायचं. मोकळा असो की गुलाम, काळ्या माणसाचा निवाडा तोच करायचा. शिक्षा द्यायची तर चाबूकही त्याच्याच हातात.

गेली काही वर्षं हा मान प्रायमसकडे होता. प्रायमस म्हणजे थर्लो सावकाराचा गाडीवान. उंचापुरा, आवाज असा की बंदरावरून हाक मारली तर टेकडीवरची गुरं वळून बघतील. निवडणुकीच्या दिवशी तो थर्लोच्या तांबड्या घोड्यावर बसायचा, कमरेला थर्लोची तलवार लावायचा, आणि नंतरची मेजवानी थर्लोच्या मुदपाकखान्यातून यायची. गव्हर्नरने सगळ्यांना जेवू घालायचं ही जुनी रीत. त्यामुळे ज्याच्या मालकाचं पातेलं मोठं, तोच गव्हर्नर, असं होऊन बसलं होतं.

ज्युबालाही त्याचं फार वाटत नव्हतं. मग गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर थर्लोच्या घरातून डुकराची एक खारवलेली तंगडी नाहीशी झाली. थर्लोबाई म्हणाल्या, स्वयंपाकघरातल्या बिनाने चोरली. बिना पोटुशी होती, त्यांची गुलाम होती, आणि नाही नाही म्हणत होती. प्रकरण प्रायमसपुढे आलं. प्रायमसने मालकिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि चाबूक उचलला. नंतर ती तंगडी कुत्र्याच्या खोपटात सापडली. तोवर ज्युबा बिनाची पाठ मिठाच्या पाण्याने धुऊन घरी आली होती. त्या रात्री ती जेवली नाही.

"प्रायमस वाईट नाही," ती मिंगोला म्हणाली होती. "पण त्याचं डोकं थर्लोच्या टोपीत आहे. आपल्याला असा गव्हर्नर हवा, ज्याला घरी जाऊन कुणाला जाब द्यायचा नाही."

"घरी तू आहेस की," मिंगो म्हणाला.

तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. पण त्याच दिवशी तिच्या मनाने घेतलं. मिंगो इंग्रजांविरुद्धच्या युद्धावर गेला तेव्हा गुलाम होता, परत आला तो मोकळा होऊन. जाताना पायाची दहा बोटं घेऊन गेला होता, येताना दोन बर्फात ठेवून आला. ज्यांच्या स्वातंत्र्यासाठी ठेवली त्यांनी पाठ थोपटली आणि बंदरावर पिंपं बनवायला बसवलं. त्याच बंदराचा धक्का ज्युबाच्या आजोबाने दगडावर दगड रचून बांधलेला. चर्चचं छप्पर तिच्या काकांनी घातलं. थर्लोची अर्धी मुलं तिच्या आईच्या अंगावर वाढली. गाव सगळं आपल्या माणसांच्या हातचं आणि निवाडा मात्र थर्लोच्या घरचा, हे ज्युबाला आता बघवत नव्हतं.

मिंगो उभा राहणार ही बातमी पसरली तशी थर्लोच्या ओसरीवर हशा पिकला. "हा मोकळा गव्हर्नर लोकांना खायला काय घालणार?" थर्लो म्हणाला. "पिंपाच्या फळ्या?"

हे ज्युबाच्या कानावर यायला वेळ लागला नाही. ती फावडं घेऊन किनाऱ्यावर गेली.

निवडणुकीच्या दिवशी सकाळी ओहोटीला तिने आणि तिच्या बहिणींनी शिंपल्यांच्या टोपल्याच्या टोपल्या भरल्या. वाळूत खड्डा खणला, तळाला दगड तापवले, त्यावर ओलं शेवाळ, त्यावर शिंपल्या, वाम, बटाटे, पुन्हा शेवाळ, आणि वरून जुनं शीड. शेजारी दुसरी चूल पेटवून मक्याचे पोळे टाकायला घेतले. समुद्र कुणाच्या मालकीचा नव्हता. म्हणजे थर्लो तसं म्हणायचा, पण ओहोटीने त्याचं कधी ऐकलं नव्हतं.

तिकडे एल्मच्या झाडाजवळ थर्लोचा अख्खा बैल भाजला जात होता. वारा नेमका त्याच बाजूचा, त्यामुळे मिंगोची माणसंही नाक वर करून उभी. थर्लो स्वतः खुर्ची टाकून बसला होता. आपल्या घरच्यांना, भावाच्या घरच्यांना, जे जे त्याचं मिंधं होतं त्या सगळ्यांना कुणाच्या मागे उभं राहायचं ते आदल्या दिवशीच सांगून झालं होतं.

शिंग वाजलं तेव्हा ज्युबा अजून चुलीपाशीच होती.

"अगं, पोळे काय उलटवतेस? नवरा उलटेल तिकडे!" बहीण ओरडली. ज्युबा ओल्या पदरानिशी धावत सुटली, म्हणजे त्या झग्यावर बांधलेल्या फडक्याला पदर म्हणायचं असेल तर, आणि मिंगोच्या रांगेत अगदी शेवटी जाऊन उभी राहिली. आणखी थोडा उशीर झाला असता तर तिचं मत चुलीतच गेलं असतं.

दोन रांगा समोरासमोर उभ्या होत्या. एकीच्या तोंडाशी घोड्यावर प्रायमस, दुसरीच्या तोंडाशी आपल्या पायांवर मिंगो, जुना पलटणीचा कोट घातलेला. मोजणी म्हाताऱ्या क्वाकोकडे. तो आफ्रिकेत गिनीच्या किनाऱ्यावर जन्मलेला आणि गावातला सगळ्यांत जुना माणूस. त्याच्या मोजणीची रीत साधी होती. या रांगेतला एक, त्या रांगेतला एक, दोघांनी हातात हात घालायचा, क्वाकोने दोघांच्या डोक्यावर हात ठेवायचा, आणि जोडीने बाजूला व्हायचं. ज्या रांगेत शेवटी कुणीतरी उरेल, त्या रांगेचा गव्हर्नर. सगळे संपले आणि कुणीच उरलं नाही, तर जुनाच गव्हर्नर पुढे चालू.

जोड्या निघू लागल्या. भाऊ भावाचा हात धरून निघाला. एका जोडीतले दोघे गेल्या वर्षापासून बोलत नव्हते, त्यांनी नुसती करंगळीला करंगळी लावली. लोक हसले. ज्युबा हसली नाही. ती मान उंचावून दोन्ही रांगा बघत होती, आणि जसजशा रांगा आखूड होत गेल्या तसतशी ती बोटांवर डोकी मोजायला लागली. रांगा सारख्याच होत्या. थर्लोने हिशेबाने माणसं उभी केली होती, आणि हिशेब त्याला येत होता.

शेवटी एकच जोडी उरली. मिंगोच्या रांगेत ज्युबा. प्रायमसच्या रांगेत बिना, कडेवर तान्ही पोर घेऊन.

म्हणजे बरोबरी. म्हणजे पुन्हा प्रायमस. ज्युबाला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. पण रीत ती रीत. तिने हात पुढे केला.

बिनाने हात दिला नाही. "माझे हात गुंतलेत, मावशी," ती म्हणाली. "हिला जरा धर."

ज्युबाने पोर घेतली. बिनाने झगा झटकला, केस मागे सारले आणि ज्युबाचा एक हात घट्ट धरला. मग क्वाकोकडे वळून म्हणाली, "हं, आजोबा. आता मोजा."

क्वाकोने दोघींच्या डोक्यावर हात ठेवला. "जोडी झाली. दोन्हीकडे कुणी नाही."

"आहे की," बिना म्हणाली. "मिंगोकाकाच्या रांगेत एक उरलंय."

सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग सगळ्यांनी ज्युबाच्या कडेवर पाहिलं. पोर झोपेतून नुकतीच जागी झाली होती आणि ज्युबाच्या गळ्यातला दोरा चघळत होती.

"काहीतरीच काय!" प्रायमसच्या बाजूने कुणीतरी ओरडलं. "ते बाळ आमच्या रांगेत होतं. रांग बदलायची नाही असं ठरलंय."

"मी होते तुमच्या रांगेत," बिना म्हणाली. "मी थर्लोसाहेबांची. त्यांनी सांगितलं तिथे उभी राहिले, अगदी शेवटपर्यंत राहिले. पण ही त्यांची नाही. यंदाचा कायदा काय म्हणतो? एक मार्चनंतर जन्मलेलं पोर कुणाचं गुलाम नाही. ही चार तारखेला झाली. मग हिनं कुठं उभं राहायचं ते हिची आई सांगेल, नाहीतर कोण सांगेल?"

ती चार तारीख गावात सगळ्यांना पाठ होती. बाळंतपण फेब्रुवारीच्या शेवटी व्हायचं होतं. थर्लोबाई रोज विचारत, अजून नाही का, अजून नाही का. पोर आपली थांबली. सुईणही ज्युबाच होती, आणि तिने काही केलं नव्हतं. पोरच मोठी धोरणी निघाली.

"पण बाळ कधी मोजत नाहीत!" तोच माणूस म्हणाला.

क्वाकोने डोकं खाजवलं. "नाही मोजली कधी, खरं आहे. आजवर प्रत्येक पोर आईच्या मालकाचंच असायचं. वेगळं मोजायचं काय? अशी पोर मी पहिल्यांदाच बघतोय." मग त्याने दोन्ही हात मागे बांधले. "तंटा झाला. तंट्याचा निवाडा गव्हर्नर करतो. आणि या घटकेला गव्हर्नर प्रायमस आहे."

ज्युबाने आशा सोडली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ती मनात म्हणाली.

प्रायमस घोड्यावरून उतरला. थर्लोची खुर्ची करकरली. तो पुढे झुकला होता. प्रायमसने त्याच्याकडे पाहिलं. हे पाहणं ज्युबाच्या ओळखीचं होतं. हिवाळ्यात त्या तंगडीच्या वेळी त्याने मालकिणीकडे असंच पाहिलं होतं. मग तो बिनाकडे वळला. बिनाने नजर खाली केली नाही.

तो ज्युबासमोर आला. पोरीने दोरा सोडून त्याच्या तलवारीच्या गोंड्याकडे हात केला.

"हिनं माझ्या न्यायाचा चाबूक आईच्या पोटात असताना सोसलाय," प्रायमस हळूच म्हणाला, जेमतेम ज्युबाला आणि बिनाला ऐकू जाईल इतकंच. मग त्याने आपला रुंद पंजा पोरीच्या टाळूवर ठेवला, आणि टेकडीवरची गुरं वळून बघतील अशा आवाजात म्हणाला, "मोजली."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग जो गलका उठला त्याने पोर घाबरून रडायला लागली. ज्युबाही रडत होती आणि तिला आता त्याचा राग येत नव्हता. लोकांनी मिंगोला उचललं. त्याला घोडा नव्हता, म्हणून माणसांनीच खांद्यावर घेतलं, आणि घेणाऱ्यांत निम्मे प्रायमसच्या रांगेतले होते. बैल तसाच आगीवर फिरत राहिला. सगळी वरात किनाऱ्याकडे वळली आणि थर्लोच्या खुर्चीजवळ भाजणारा आचारी तेवढा उरला. थोड्या वेळाने तोही आला.

जाता जाता ज्युबाने बिनाला गाठलं. "घरी गेल्यावर काय होईल गं?"

"काय होणार? सांगितलं तिथं उभी राहिले. अख्ख्या गावानं बघितलंय," बिना म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

वाळूवर शीड उचललं तशी वाफ उठली आणि बैलाचा विसर पडला. रीतीप्रमाणे हरलेला गव्हर्नर जिंकलेल्याच्या उजव्या हाताला बसला आणि पहिला पेला त्यानेच उचलला. "गव्हर्नर मिंगो," प्रायमस म्हणाला. पिऊन झाल्यावर तो उठून उभा राहिला. "तलवार थर्लोसाहेबांची आहे, ती मला परत करावी लागेल. पण हा आपला आहे." त्याने कमरेचा चाबूक सोडला आणि मिंगोपुढे धरला. "मी हा एकदा चुकीच्या पाठीवर वापरला. हे सगळ्यांसमोर सांगतो."

मिंगो फारसं न बोलणारा माणूस. त्याने चाबूक हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि लंगडत बिनापाशी गेला.

"माझा पहिला निवाडा," तो म्हणाला. "याचं काय करायचं ते तू ठरव."

बिनाने चाबूक घेतला. तिने पोरीला प्रायमसच्या हातात दिलं, कारण तोच सगळ्यांत जवळ होता, आणि चुलीपाशी जाऊन चाबूक विस्तवात टाकला. चामडं आक्रसलं आणि धूर निघाला.

"अगं बाई, पोळ्यांना वास लागेल," ज्युबा म्हणाली, आणि काठी घेऊन तो आणखी आत ढकलला.