मी समुद्रफुलांना चुना लावला

मित्रांनो, मला पाहून दंड लपवू नका. मी इंजेक्शनची जुनी सिरिंज आहे खरी, पण आजवर एकाही माणसाला टोचलेली नाही. कारखान्यातून दवाखान्यात आले आणि कपाटात पडून राहिले. पाकिटावरची मुदत उलटली, तेव्हा नर्सबाई मला घरी घेऊन गेल्या.

घरी त्यांचे सासरे, अप्पा, होते. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, तिच्यात दोन नारिंगी मासे आणि एक जांभळं प्रवाळ. ते सासूबाईंनी नखाएवढं असताना आणलं होतं. त्या गेल्यापासून अप्पा रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसत.

एकदा अप्पांनी टाकीत नवा दगड ठेवला. त्याला चिकटून एक तपकिरी समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा समुद्री जीव, फुकटात आलं. दिसायला गोंडस, पण शेजारच्या प्रवाळाला डंख मारणारं. अप्पांनी ते टूथब्रशने खरवडून काढलं. झालं! त्याच्या प्रत्येक तुकड्यातून नवं समुद्रफूल उगवलं. महिन्याभरात चाळीस झाली.

मग माझी पाळी आली. नर्सबाईंनी पाण्यात चुना दाट कालवून माझ्यात भरला, टाकीचा पंप बंद केला आणि माझी बोथट सुई एका समुद्रफुलाच्या तोंडाशी धरली. त्याला वाटलं, खाऊ आला. त्याने तो गिळला आणि ते आक्रसून गेलं. मी त्यांना अक्षरशः चुना लावत होते!

रोज पाचच मारायची, जास्त चुन्याने पाणी बिघडतं, असं बजावून त्या मला अप्पांच्या हाती देत आणि ड्यूटीवर जात. दोन दिवस अप्पांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा अंगठा माझ्या दट्ट्यावरून उठेना. दुपारपर्यंत पाणी दुधाळ झालं, मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि जांभळं प्रवाळ मिटून गेलं.

नर्सबाई परतल्या. "अप्पा, किती मारलीत?"

"पाच," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, जणू मी चहाडी करणार होते. "एकवीस. माझं चुकलं."

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून वदवून घेतलं होतं. स्वतः म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. नर्सबाई रागावल्या नाहीत. दोघांनी बादल्यांमध्ये मीठ कालवून टाकीतलं बरंचसं पाणी बदललं. मासे सावरले, पण प्रवाळ चार दिवस मिटलेलंच होतं. अप्पांचा चहा रोज निवून जाई. पाचव्या सकाळी त्यांनी हळूच हाक मारली, "सूनबाई, ये. उघडलंय."

उरलेली समुद्रफुलं आम्ही शिस्तीत संपवली. आता माझ्यावरचे आकडे पुसट झालेत. मित्रांनो, नवा दगड आधी वेगळ्या बादलीत ठेवून नीट पाहा. काम झालं की मला लगेच धुवा, चुना वाळला की माझा दट्ट्या अडकतो. आणि मला अप्पांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा. टाकीसमोर बसले की त्यांचा अंगठा अजून शिवशिवतो.