जागृतानंदांचा कोप

सातपूरच्या त्या पत्र्याच्या शेडपुढे दर गुरुवारी सकाळी एवढी गर्दी उसळायची, की रिक्षाला वाट मिळत नसे. रातपाळी करून सुटलेले कामगार जांभया देत रांगेत उभे राहायचे. आत जागृतानंद महाराज प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर राखाडी भस्म ठेवायचे आणि वरून गुळाचं पाणी पाजायचे. थोड्याच वेळात तीच माणसं ताठ मानेनं बाहेर पडायची. डोळे लख्ख, बोलणं भरभर. कुणाचे हात थरथरले, कुणाची छाती धडधडली की शिष्य ओरडायचे, "संचार झाला! संचार झाला!"

"बाळांनो, झोप म्हणजे अर्धं मरण!" महाराज माइकवरून गर्जायचे. "तुमच्या आत्म्याची बॅटरी उतरलीये. मी चार्जर आहे, चार्जर! घरी पुड्या न्या, रोज घ्या. पण मध्येच सोडाल तर कोप होईल. मस्तक ठणकेल!"

आणि खरंच ठणकायचं. ज्यानं एखादा दिवस पुडी चुकवली, तो डोकं गच्च धरून परत यायचा. भस्म पोटात गेलं की ठणका थांबायचा. आता याहून मोठा पुरावा कोणता हवा?

जवळच्याच शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ज्योत्स्नाला हा पुरावा पटत नव्हता. पण तिचा धाकटा भाऊ चंदर महाराजांच्या पुरता आहारी गेला होता. निफाडकडचं गाव सोडून तो इथं प्रेस मशीनवर लागला होता आणि भस्माच्या जोरावर आता पाळीवर पाळी ओढत होता.

"पोटभर झोपलास कधी?" तिनं त्याला विचारलं.

"ताई, झोप येतच नाय. महाराज म्हणले, हे लय चांगलं लक्षण हाय."

तिनं त्याचा हात हातात घेतला. बोटं कापत होती. मनगटावरची नाडी पळत होती.

"चंदर, हे बरं नाही. डॉक्टरला दाखव. नाहीतर एक पुडी मला दे, मी तपासून आणते."

त्यानं हात काढून घेतला. "पारखायला गेलं की शक्ती जाती. इचारू नको, ताई. इचारलं की बाधतं."

गुरुपौर्णिमेला शेडमध्ये 'महाभस्म' होतं. एरवी चिमूट, त्या दिवशी चमचा. चंदरनं शिगोशीग भरलेला चमचा घेतला आणि शिष्यांनी टाळ्या पिटल्यावर पुन्हा एक. घरी येताच त्याला उलट्या सुरू झाल्या. त्याच्या बायकोनं, राखीनं, घाबरून शेडवर फोन लावला. शिष्य म्हणाला, "आतली घाण बाहेर पडतेय वहिनी. अडवू नका."

राखीनं अडवलं नाही. ज्योत्स्ना पोचली तेव्हा चंदर फरशीवर पडला होता, हातपाय झटके देत होते. दोघींनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर सृष्टी यांनी शर्थ केली, पण हृदयाची लय एकदा बिघडली ती जुळलीच नाही. दुपारी चंदर गेला.

"यांनी घेतलं काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं. ज्योत्स्नानं त्याच्या खिशातल्या पुड्या पुढे केल्या. "कॅफीन असावं," डॉक्टर म्हणाल्या. "चहा-कॉफीत असतं तेच, पण शुद्ध पावडर. अहवाल आल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही." पुड्या पोलिसांमार्फत तपासणीला गेल्या.

शेडमध्ये महाराजांनी निकाल दिला, "चंदर मुक्त झाला. श्रद्धा कच्ची होती, तेज पेललं नाही." मोक्षही मिळाला आणि श्रद्धाही कच्ची निघाली! कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

चंदरसोबत राखीही रोज पुडी घ्यायची, ती सुतकात सुटली. दुसऱ्याच दिवशी ती कपाळाला ओढणी आवळून ज्योत्स्नापाशी आली. "ताई, डोकं फुटतंय. कोप झाला. आधी माणूस नेला, आता माझी पाळी. मला शेडवर न्या, पाया पडते."

ज्योत्स्ना संतापली. मग डॉक्टरांचं बोलणं आठवून ती स्वयंपाकघरात गेली, दुकानातून आणलेल्या साध्या कॉफीचा कडक कप केला आणि राखीपुढे ठेवला. राखी रडत रडत प्यायली. हळूहळू तिनं ओढणी सैल केली.

"ठणका कमी झाला?"

"हो."

"यात मंत्र नव्हता, भस्म नव्हतं. अंगाला कॅफीनची सवय लागली की ते एकदम तोडल्यावर डोकं दुखतं. पुन्हा मिळालं की थांबतं. कोप म्हणतात तो एवढाच."

राखीनं रिकामा कप खाली ठेवला. "म्हणजे माझा माणूस... याच्यापायी गेला?" आणि मग चंदर गेल्यापासून दाबून ठेवलेला हंबरडा तिनं फोडला.

अहवाल आला. गोवरीच्या राखेत कॅफीनची शुद्ध पावडर मिसळलेली होती. पोलीस शेडवर गेले तेव्हा शिष्य म्हणाले, "महाराज समाधीत आहेत." दार उघडलं, तर झोपेला अर्धं मरण म्हणणारे जागृतानंद जाड गादीवर घोरत पडले होते. खाटेखाली पांढऱ्या पावडरीच्या पिशव्या होत्या.

गर्दी मात्र पोलिसांवरच खवळली. "आमचं डोकं दुखलं तर काय करायचं?" एकजण ओरडला.

"थोडे दिवस दुखेल, मग थांबेल," पोलिसांबरोबर आलेल्या डॉक्टर सृष्टी पुढे येऊन म्हणाल्या. "चहा-कॉफी बेतानं घेतली तर धडधाकट माणसाला सहसा अपाय होत नाही. पण या पावडरीच्या एका चमच्यात पंचवीस-तीस कप कॉफीचं कॅफीन असतं. ते ताकद देत नाही, फक्त थकवा जाणवू देत नाही. शरीर थकतच राहतं. छातीत धडधडलं, तर तो संचार नाही. हृदय मदत मागतंय. लगेच दवाखान्यात या."

काहींनी पुड्या पोलिसांपुढे टाकल्या. काहींनी खिशावर हात दाबून धरला. तेवढ्यात गर्दीतून मागून कुणीतरी पुटपुटलं, "चंदरच्या बायकोची श्रद्धाच कमी पडली असंल."

ज्योत्स्नाबरोबर आलेली राखी वळली. तिचा आवाज चढला नाही.

"श्रद्धा कमी नव्हती, दादा. तो फरशीवर तडफडत होता, तरी मी श्रद्धेनं बसून राहिले. भस्मात काय हाय, एवढं इचारलं असतं तर तो आज जिता असता. मी इचारलं नाय. तुम्ही तरी इचारा."