प्रिय ग्राहक

मनिषानं मिक्सरचं झाकण तळहातानं दाबलं आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. आतली खोबऱ्याची चटणी केव्हाच बारीक झाली होती. पण बाहेरच्या खोलीत धाकटी जाऊ अंकिता सासूला मोबाइल शिकवत बसली होती, आणि तो गोड आवाज मनिषाला कानावर नको होता. मिक्सर तापला की थांबवावा लागे, आणि तेवढ्यात चार शब्द आत यायचेच.

"आई, नाव बँकेचंच दिसतं, पण नावावर जाऊ नका. मेल कुठल्या पत्त्यावरून आलंय ते बघा. आणि घाई कोण करतं? फसवणारा. बँक पिन कधीच..."

मनिषानं पुन्हा बटण फिरवलं.

अंकिता पनवेलला एका बँकेत कामाला होती. दीड वर्षापूर्वी ती कोन गावातल्या या घरात सून म्हणून आली तेव्हा मनिषानं मनाची समजूत घातली होती, नव्याचे नऊ दिवस. ते नऊ दिवस काही संपेनात. त्याआधी सासूचं, गोदूबाईंचं, बँकेतलं पान मनिषाशिवाय हलत नसे. हायवेत गेलेल्या जमिनीचे पैसे सासूच्या खात्यात होते. महिन्यातून एकदा दोघी टमटमनं पनवेल गाठायच्या, मनिषा स्लिप भरायची, गोदूबाई जीभ दातांत धरून सही करायच्या आणि येताना स्टँडपाशी दोघी उसाचा रस प्यायच्या. आता सगळं मोबाइलवर आलं. शेजारची शकू परवा दारातूनच म्हणाली, "तुमची धाकटी लय हुशार हाय गो," तेव्हा मनिषा तोंडभर हसली आणि मग दिवसभर भांडी आपटत राहिली. तिला हेवा वाटत होता. त्याला दुसरा शब्द नव्हता, आणि तिनं तो शोधलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. गोदूबाई शकूकडे हळदीचा मांडव बघायला गेल्या होत्या आणि त्यांचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता. तो टिंग करून वाजला. मनिषानं कोलंबी सोलायची थांबवून हात धुतले, गाउनला पुसले आणि फोन उचलला.

'प्रिय ग्राहक, आपले खाते आज दुपारी दोन वाजता बंद होत आहे. खाते चालू ठेवण्यासाठी खाली दाबून माहिती भरा.' वर बँकेचं नाव होतं, चांगलं ठळक.

तिनं ते दोनदा वाचलं. आज रविवार, बँक बंद, हे तिच्या मनात आलंसुद्धा. म्हणूनच तर मोबाइलवर कळवलं असेल, असं बँकेच्या वतीनं तिनंच उत्तर देऊन टाकलं. अंकिता पलीकडच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. मनिषानं हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हाक मारली की पुढं काय होणार हे तिला पाठ होतं. अंकिता येणार, चष्मा वर सरकवणार, "द्या ताई, मी बघते" म्हणणार, आणि जेवताना सगळ्या घराच्या तोंडी अंकिता अंकिता.

तिनं स्वतःच खाली दाबलं.

खात्याच्या नंबरासाठी पासबुक लागलं नाही. इतक्या वर्षांच्या स्लिपांनी तो जिभेवर बसला होता. कार्ड गोदूबाईंच्या डब्यातून काढलं. मग पिन विचारला. तो तर एटीएमच्या मशीनपुढं उभं राहून मनिषानंच ठरवला होता, कारण सासू म्हणाली होती, "तूच टाक, मना काय कलतंय." ते तिनं अंकिताला कधी सांगितलं नव्हतं. तिनं आकडे दाबले, एकेक, सावकाश. 'धन्यवाद, माहिती मिळाली,' असं पडद्यावर आलं आणि मनिषाला किती दिवसांनी हलकं वाटलं. कोलंबीचं कालवण तिनं त्या दिवशी जीव ओतून केलं. जेवताना सहज सांगायचं, वाढता वाढता, फार काही केलं नसल्यासारखं, हेही तिनं ठरवून टाकलं.

जेवायला सगळे एकत्र बसले. मनिषा वाढत होती. तिनं घसा साफ केला, तेवढ्यात अंकिता बोलली.

"आई, एक गंमत सांगू? आज तुम्हाला बँकेच्या नावानं एक खोटं मेल मीच पाठवलं होतं. काल शिकवलं ते लक्षात राहिलंय का, बघायला."

मनिषाचा पळा टोपातच राहिला.

"मंग?" धाकटा दीर, अंकिताचा नवरा सत्यजीत, हसत म्हणाला. "फसली ना आपली आई?"

भरलेली सगळी माहिती अंकिताकडे पोचली असणार, पिनसकट, आणि तेव्हा फोनपाशी कोण होतं हेही तिला कळलं असणार. तिनं मनिषाकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यात हसू नव्हतं की टोमणा नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "कुणी उघडलंच नाही."

"मी कशाला उघडतेय?" ज्यांनी ते मेल बघितलंही नव्हतं त्या गोदूबाई म्हणाल्या. "मना सगलं कललंय. अंकितानं शिकवलेलं मी इसरत नाय."

मनिषाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंकिता हसली असती तर वर्षभर तिचा खुशाल राग करता आला असता. पण हिनं झाकून घेतलं. हुशारी हिची, कौतुक हिचं, आणि आता मोठं मनही हिचंच. आपण मात्र जन्मभर हिच्या उपकाराखाली भाकरी खायची.

"ताई, बसा ना तुम्ही," अंकिता उठत म्हणाली. "मी वाढते."

"मी उघडलं," मनिषा म्हणाली.

"काय?" तिच्या नवऱ्यानं, हरेशनं, मान वर केली.

"ते मेल. मी उघडलं आन मीच भरलं. नंबर, कार्ड, पिन पन. आन हिला सगलं ठावं हाय. खोटं बोलतेय ही."

गोदूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. आधी थोरलीकडे बघितलं, मग कितीतरी वेळ धाकटीकडे.

"का गो," त्या अंकिताला म्हणाल्या, "माझ्या तोंडावर खोटं बोललीस? आमाला शिकवतेस खोटं वलखायला, आन घरात तूच?"

अंकिताचे कान लाल झाले आणि डोळे भरून आले. ती उभी होती तशीच उभी राहिली.

मनिषानं पळा ठेवला, स्वतःचं ताट ओढलं आणि मांडी घालून बसली. भाकरीचा तुकडा मोडून तिनं रशात बुडवला. तिला फार भूक लागली होती, आणि कालवण आज खरंच झकास जमलं होतं.