रिसोडचं घर लासलगावला निघालं

मी जहाजावरचा क्रोनोमीटर बोलतोय. घड्याळच मी, पण मला घड्याळ म्हणू नका. घड्याळं भिंतीला लटकतात, त्यांच्यामागं पाली राहतात, आणि त्यांच्याकडं बघून माणसं "बाई, उशीर झाला" म्हणतात नि पुन्हा चहा मांडतात. असल्या कामाला माझा जन्म नाही झाला.

माझं अंग पितळेचं, घर लाकडी पेटीचं. पेटीत मला असं बसवलंय की जहाज कितीही डोललं तरी मी सपाटच राहतो. जहाजावर माझा मान मोठा. चावी द्यायला एकच माणूस, आणि काट्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मी थोडा पुढं-मागं झालोच तर तेवढं लक्षात ठेवून हिशेब करायचे, पण काटा कुणी ढकलायचा नाही. मग जहाज मोडीत निघालं. मुंबईच्या एका भंगारवाल्यानं मला कुकरच्या झाकणांशेजारी मांडलं. तिथून मला प्रसेनजितनं उचललं आणि एस.टी.त मांडीवर घेऊन रिसोडला आणलं.

प्रसेनजित जहाजावर नोकरी करतो. वरच्या हुद्द्यासाठी तोंडी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात तो दोनदा आपटला होता. दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर, तासकोनावर. मुंबईहून निघताना त्यानं मला बरोबर लावलं. घरी आल्यावर वडिलांना, इंद्रभानला, म्हणाला, "बाबा, आता नाही झालं तर समुद्र सोडतो." आणि अभ्यासात लुडबुड नको म्हणून मोबाइल बंद करून आईच्या गव्हाच्या कोठीत टाकला. मोबाइलची तीच लायकी.

माझी जागा ठरली फ्रिजवर. मी वेळ दाखवतो ती ग्रीनविचची, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागं. हे या गल्लीत कुणाच्या पचनी पडेना. शेजारची रत्नमाला विरजण मागायला यायची आणि विरजण विसरून माझ्याकडं बघत राहायची.

"बंद हाय का वो चंपाबाई हे? सकायी नऊले साडेतीन दाखवून राह्यलं."

"चालू हाय. इंग्लंडचा टाइम हाय तो."

"मंग इथं कायले ठेवला?"

उत्तर देण्यासारखं हे माणूसच नव्हे, म्हणून मी टिकटिक करत राहिलो.

चंपाबाई म्हणजे प्रसेनजितची आई. तिनं मात्र एकदा पोराला विचारलं, गहू निवडता निवडता, की हा तासकोन काय असतो. पोरगं सांगायला लागलं. "हे पाह्य आई. सूर्य तासाले पंधरा अंश पश्चिमेकडं सरकते. ग्रीनविचच्या रेघेपासून तो किती सरकला, तो एक कोन. आपल्या डोक्यावरच्या रेघेपासून किती सरकला, तो दुसरा. दोन कोनांतला फरक म्हणजे आपलं गाव ग्रीनविचपासून किती पूर्वेले हाय ते."

"पह्यला कोन कसा समजते?"

"ह्या घड्याळावरून. चार मिनिटं चुकली की गाव एक अंशानं सरकलं."

"अन् दुसरा?"

"तेलातून."

तेलाचं असं की समुद्रावर सूर्याची उंची क्षितिजापासून मोजतात. रिसोडला क्षितिज कुठलं? एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला मोबाइलचा टॉवर. म्हणून हा रोज सकाळी गच्चीवर परातीत सोयाबीनचं तेल ओतायचा. कोन मोजायच्या यंत्रातून वरचा सूर्य आणि तेलातला सूर्य यांच्यातला कोन घ्यायचा आणि निम्मा करायचा, की मिळाली उंची. तिच्यावरून आपल्या डोक्यावरचा कोन गणितानं निघतो. बाजूच्या गच्च्यांवर बाया कपडे वाळवायचं थांबवून बघायच्या. खालून चंपाबाई ओरडायची, "सांडू नको बापा, त्याच्यातच भजे करायचे हाय."

आता माणसांची एक खोड सांगतो. इंद्रभान एस.टी.त कंडक्टर होता. गाडी चुकू नये म्हणून या घरात भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढं. घरात सगळ्यांना ते माहीत, म्हणून निघताना सगळेच दहा मिनिटं वजा करतात. मग पुढं करून मिळवलं काय? आणि ज्या एस.टी.साठी हा सगळा खटाटोप, ती स्वतः अर्धा तास उशिरा. मी समुद्रावर बरंच काही पाहिलं, पण इतकं बिनकामाचं गणित कुठं पाहिलं नाही.

मी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी चंपाबाईनं माझी काच फिरवून काढली, पदरानं पुसली, आणि काटा दहा मिनिटं पुढं ढकलला. मायेनं. पोराला कशालाच उशीर होऊ नये म्हणून. मला तोंड असतं तर मी तिथंच बोंबललो असतो.

त्यानंतर प्रसेनजितनं पहिला सूर्य मोजला. गणित केलं आणि नकाशा पसरला. घर पार पश्चिमेला, नाशिककडच्या लासलगावच्या आसपास निघालं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लासलगाव. तिसऱ्या दिवशी ढग होते, चौथ्या दिवशी लासलगाव. त्यानं मला भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. बरोब्बर साडेपाच तासांचा फरक. भिंतीवरचं दहा मिनिटं पुढं असतं ही घरचीच गोष्ट पोरगं बाहेर राहून विसरलं. आणि माझ्या काट्याला कुणी हात लावेल हे जहाजावरच्या माणसाच्या मनातही येईना.

"आज कुठं गेलं रे घर?" रत्नमाला भिंतीवरून विचारायची.

"लासलगाव."

"येतानी कांदे घेऊन ये मंग."

तो हसायचा नाही. एका सकाळी त्यानं परात घासून जागेवर ठेवली आणि बापाला म्हणाला, "माह्या डोक्यात नाही बसत हे."  ओळखीच्या एका माणसाचं वाशिमला बियाण्याचं दुकान होतं, तिथं इंद्रभान शब्द टाकून आला. परीक्षा चार दिवसांवर आली असताना बाप-लेक वाशिमला जायला निघाले. मी फ्रिजवरून बघत होतो. ज्याला कोन समजला होता तो पोरगा बियाण्याच्या पिशव्या मोजायला चालला होता, आणि जिनं घोळ घातला ती त्याच्या डब्यात लोणचं घालत होती.

इंद्रभान चप्पल शोधत घाई करायला लागला. चंपाबाई म्हणाली, "धावता काहून? दहा मिनिटं हायेत अजून. घड्याय पुढं हाय ना."

प्रसेनजित दारात थांबला. "कोणतं घड्याळ, आई?"

"दोन्ही. तुह्यं बी केलं म्या, आल्याबरोबर."

तो उंबऱ्यावरच बसला. बोटांवर काहीतरी मोजलं. दहा मिनिटं म्हणजे अडीच अंश. अडीच अंश पूर्वेला सरकवलं की लासलगावचं घर थेट रिसोडात, आपल्याच गल्लीत. पोरगं तोंडावर रुमाल घेऊन हसत होतं की रडत होतं, मला कळलं नाही. चंपाबाई घाबरली. "काय झालं रे? मांगं करू का?"

"नको. राहू दे तसंच. माहीत असलेली चूक वजा करता येते."

वाशिमची गाडी आली आणि गेली. संध्याकाळच्या गाडीनं तो मुंबईला गेला.

तो पास झाला. आता समुद्रावर आहे. तिथं त्याच्याजवळ दुसरा क्रोनोमीटर आहे, नवा, बॅटरीवरचा, त्याच्याबद्दल मला बोलायचं नाही. मी फ्रिजवर आहे, अजून दहा मिनिटं पुढं. चंपाबाई न चुकता चावी देते. काल फोनवर पोराला म्हणाली, "तुह्या डोक्यावर आला का रे सूर्य? आमच्याइथं तर कलला." तो म्हणाला, "अजून तीस अंश यायचा हाय." तिनं माझ्याकडं बघितलं, बोटांवर पंधरा आणि पंधरा मोजले, आणि म्हणाली, "मंग दोन घंट्यानं जेवजो, बापा."

बरोबर होतं. चिडायला काही सापडेना, तेव्हा मी गप्प चालत राहिलो. बाकी तुमच्या भिंतीवर काय चालतं त्याच्याशी मला कर्तव्य नाही. पोरगं काही शिकत असेल तर त्याच्या वस्तूला हात लावण्याआधी त्याला एकदा विचारा, एवढंच.