गळ्याचं लाळेरं

धुळ्याला ऑपरेशन झालं आणि आमच्या ह्यांचा आवाज कायमचा गेला. कॅन्सरपायी स्वरयंत्र काढलं, आता श्वास गळ्याच्या भोकातून. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "नाक हवा गाळायचं, ओलसर करायचं. आता ती थेट फुप्फुसात जाते. भोकावर ओलसर मलमल बांधा, धुरापासून जपा." मी जुन्या धोतराची मऊ कापडं शिवली. ह्यांनी फेकून दिली. पाटीवर लिहिलं, 'लाळेरं बांधायला मी तान्हा नाही.'

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात हिवाळ्यातलं शेतातलं भरीत म्हणजे तोतारामभाऊंचंच, म्हणजे आमच्या ह्यांचंच. वांगी हेच भाजणार, लाकडी बडगीत हेच ठेचणार आणि 'चला रे, बसा!' अशी हाक देणार, की तीन शेतांपलीकडची माणसं यायची. आता हा माणूस चार महिने ओटा उतरला नव्हता. दिवसभर नुसतं खोकणं आणि भिंतीकडे बघणं. माझा जीव तुटायचा आणि रागही यायचा.

एक दिवस ह्यांचे दोस्त झुलालभाऊ आले. "तू नही ते भरीतले चव नही. चाल!"

हे उठले. कापडाला मात्र हात लावेनात. मी ते कमरेला खोचून मागे निघाले.

शेतात कपाशीच्या काड्या पेटेनात, तसे हे सवयीने फुंकायला वाकले. गाल फुगले, फुंकर कसली निघते! धूर मात्र गळ्यातून सरळ आत. खोकून खोकून बेजार झाले. झुलालभाऊंनी घाबरून आपला रुमाल ह्यांच्या नाकातोंडावर दाबला.

"तोंड काय दाबस? त्यास्ना दम गयामा शे!" मी ह्यांच्या गळ्याकडे बोट दाखवत ओरडले. ह्यांना धुरातून ओढलं, कापड भिजवून घट्ट पिळलं आणि सगळ्यांदेखत भोकावर धरलं. लाज वाटली तर वाटो, मला नवरा हवा होता.

दम बसल्यावर ह्यांनी कापड माझ्या हातून घेतलं आणि स्वतःच बांधलं. मग धूर येणार नाही अशा बाजूला बसून बडगी पुढ्यात ओढली. भाजायचं काम झुलालभाऊंनी घेतलं. एक वांगं कच्चं निघालं, तर ह्यांनी बडगीच्या काठावर मुसळी आपटून ते परत विस्तवात धाडलं.

भरीत झालं, परातीत काढलं. हाक कोण देणार, म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. ह्यांनी मुसळी उचलली आणि रिकाम्या बडगीवर तीनदा जोरात हाणली. बांधापलीकडची माणसं हातातली कामं टाकून आली. मला रडू आवरेना.

घरी आल्यावर ह्यांनी पाटी मागितली. लिहिलं, 'आणखी पाच शिव. पांढरी नको, भरिताचे डाग पडतात.'