खिडकीपासून दूर

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या वाचनालयात, नकाशांच्या कपाटाशेजारी रुंद हातांची एक आरामखुर्ची आहे ना, ती मी. माझ्या उजव्या हातावर काळे डाग आहेत. तुमच्यापैकी एका मुलीने परवा ते बोट ठेवून मोजले, एकोणीस भरले. हे कशाचे, असे तिने बाईंना विचारले. बाई नुसत्या हसल्या आणि पुस्तके लावू लागल्या. म्हणून आज मीच सांगते.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. वेताची बैठक त्याच्या बायकोने विणली. एका बापाने लेकीच्या लग्नात मला जावयाला भेट दिले. जावई दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गल्लीत सगळे त्याला पेंटरच म्हणत. हात असा, की पट्टी न लावता तो चार हात लांब सरळ रेघ ओढायचा.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत मला खिडकीपाशी जागा मिळाली. खाली बेकरी होती. दुपारी चार वाजता भट्टीतून बिस्किटांचे पत्रे निघत आणि तो गोड, खरपूस वास थेट खोलीत येई. त्याच सुमाराला पेंटर काम आटोपून घरी यायचा. हातपाय धुऊन माझ्यावर टेकायचा. बायको चहा आणायची. पहिला घोट घेतला की तो सिगारेट पेटवायचा आणि टवका उडालेली बशी माझ्या हातावर ठेवायचा. बायको शेजारच्या स्टुलावर बसून बिस्किटांचा डबा उघडायची.

“तुमचा धूर निघाला की माझा डबा उघडतो,” ती म्हणायची.

“मग दोघांचं एकदमच सुटेल,” तो म्हणायचा.

अशी सव्वीस वर्षे गेली. बशीत न पडता निखारा माझ्यावर पडला, की एक डाग वाढायचा. मला त्याचे वाईट वाटत नसे. उलट, दिवसभर उन्हात शिडीवर उभा राहिलेला माणूस माझ्याकडे येऊन विसावतो, याचा मला अभिमान होता. याहून मोठे काम खुर्चीला कोणते असणार?

मग खोकला सुरू झाला. आधी सकाळी, मग जिना चढताना, मग बोलतानाही. बायकोला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी दोघांनाही बजावले. दोघांनी माना डोलावल्या आणि चार वाजता दोघेही आपापल्या जागी येऊन बसले.

एका सकाळी पेंटरला श्वासच घेता येईना. त्याला इस्पितळात नेले. बायको त्याच्या उशाशी राहिली. एकवीस दिवस खोलीला कुलूप होते. मी रिकामी बसून खालचा वास घेत राहिले.

तो परतला तेव्हा निम्मा झाला होता. त्यांची मुलगी शाळेत शिक्षिका होती. ती रजा काढून आली होती. तिने त्याला धरून माझ्यावर बसवले. नेमके चार वाजले होते. खालून वास आला, बायकोने चहा आणला. पेंटरचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता, तरी तो चाचपत राहिला. बायकोनेही फडताळातला डबा काढला होता. झाकणावर हात ठेवून ती तशीच उभी राहिली.

मुलगी दोघांकडे पाहत होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, इस्पितळात तलफ यायची?”

“पहिले चार-पाच दिवस फार. नंतर आठवणसुद्धा नाही.”

“आई, तुला?”

“तिथे कुठली गं बिस्किटं,” आई म्हणाली. मग थांबून म्हणाली, “खरं सांगू? मनातही आली नाहीत.”

पेंटर माझ्या हातावरून बोटे फिरवत होता. “या खुर्चीत बसलो की हात आपोआप चालतो गं. मी नको म्हणतो, पण माझं ऐकतो कोण?”

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. ज्याला मी विसावा देत होते, त्याच्या गळ्याला मीच फास लावत होते.

मुलीने मला साबणाने घासले, उन्हात ठेवले. वेतातला धूर गेला नाही. आठव्या दिवशी पेंटरने कुणाकडून तरी सिगारेट मिळवली आणि माझ्यावर बसून ओढली. खोकून खोकून त्याचे डोळे पांढरे झाले. बायको त्याची पाठ चोळत रडत होती.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “ही खुर्ची घरातून जाऊ दे.”

“माझ्या वडिलांची एवढी एकच वस्तू आहे,” बायको म्हणाली. बराच वेळ ती भांडी पुसत राहिली. मग स्वतःच फडके घेऊन आली आणि माझा पाय न् पाय पुसून मुलीला म्हणाली, “कुठे तरी नीट ठेव हिला. अडगळीत टाकू नकोस.”

अशी मी तुमच्याकडे आले. तुमच्या बाई म्हणजे तीच मुलगी. त्यांच्या तोंडून मला घरचे कळत असते. चार वाजता आता पेंटर आणि त्याची बायको ती खिडकी लावून घेतात आणि दोघे चहा न घेताच फिरायला निघतात. बेकरी टाळून, लांबच्या रस्त्याने. मधे दोनदा पेंटर सिगारेटकडे घसरला. डबा एकदा उघडला गेला. तरी खोकला उतरला आहे.

गेल्या महिन्यात पेंटर शाळेत आला होता. तुमच्यातल्या एकाने मला पुढे ओढून म्हटले, “आजोबा, बसा ना.”

“नको बाळा, मी उभा बरा.”

“मोडकी नाहीये ती.”

“छान आहे खुर्ची. माझा माझ्यावर अजून भरवसा नाही,” तो म्हणाला.

त्याने माझ्या पाठीवर क्षणभर तळवा ठेवला आणि तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

म्हणून सांगते, तुमच्या घरी कुणी असे झगडत असेल तर त्याला लाज आणू नका. त्याचा हात कुठे बसल्यावर, कशाच्या वासाने, किती वाजता चळतो, ते पाहा. मग एखादी वस्तू तिथून हलवा. ती कितीही लाडकी असली तरी हलवा. तिला राग येणार नाही.